कशावरून?

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. पण माझ्यावर चढायला जाऊ नका, तोंडावर पडाल! उंची हातभर, पायऱ्या तीनच. मोडक्या बाकाच्या लाकडातून सुताराने मला घडवले. इंग्रजीच्या बाईंनी पायऱ्यांवर शब्द रंगवले. वर ‘मस्ट’, म्हणजे असणारच. मध्ये ‘माइट’, म्हणजे असेल कदाचित. खाली ‘कान्ट’, म्हणजे शक्यच नाही.

संध्याकाळी दिवसभर राबलेली मोठी माणसे शिकायला येत. बाई विचारत, “शेजारी कुलूप आहे. माणसं कुठे असतील?” उत्तर देणाऱ्याने माझ्या पायरीला कपड्यांचा चिमटा लावायचा. पण त्याआधी सारा वर्ग ओरडे, “कशावरून?” कारण सांगता आले नाही, तर चिमटा परत! काय मजा यायची. पुढे भिंतीवर चित्रे दाखवणारा पडदा आला आणि मी अडगळीच्या खोलीत कपाटावर धूळ खात पडले.

एके संध्याकाळी दार उघडले. बाई! “चल गं, तुझ्याशिवाय यांच्या डोक्यात काही शिरत नाही,” म्हणत त्या स्टुलावर चढल्या. मला धरले आणि स्टूल कलंडले. त्याचा धक्का लागून दार बंद झाले. मी बाईंच्या शेजारी पडले होते. त्या हलेनात. कपाळातून रक्त येत होते. मी भीतीने गारठले. देवा, मला तोंड का नाही दिलेस?

बाहेर वर्ग जमला.

“बाई घरी गेल्या असणार. मस्ट!” ड्रायव्हरदादा म्हणाला. “चला, सुटलो!”

खुर्च्या सरकल्या. आता ही माणसे गेली, तर रात्रभर इकडे कोण फिरकणार?

“कशावरून?” शिंपीणकाकूंनी विचारले.

“वेळ झाली, बाई नाहीत. आणखी काय पाहिजे?”

“अहो, घराच्या किल्ल्या टेबलावर आहेत. भिंतीतून आत शिरणार का त्या? घरी गेल्या? कान्ट!”

“मग?”

“इथेच असतील. माइट. बघूया तरी!”

पावले आधी दुसऱ्याच बाजूला गेली. मी धास्तावले. बाईंचा श्वास मंद होत होता. मग पावले परतली आणि दार ढकलले गेले.

“अगं बाई गं!” काकू किंचाळल्या. ड्रायव्हरदादाने बाईंना उचलले आणि तडक दवाखाना गाठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई वाचल्या. मी पुन्हा वर्गात आहे, एक पायरी तडकलेली. ड्रायव्हरदादा आता प्रत्येक खोलीत डोकावल्याशिवाय दिवा मालवत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी दिसले नाही, तर ‘सगळं ठीकच असणार’ म्हणून निघून जाऊ नका. एकदा दार ढकलून बघा. आतल्या माणसाला हाक मारता येत नसेल.