राखेचा चंद्र

कॅमेरा लावणाऱ्या तरुणाने खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि बाबांना शर्टाचं वरचं बटण काढायला सांगितलं. बाबांनी ते काढलं नाही. ऐंशी उलटलेल्या या माणसाने आयुष्यभर सिनेमाच्या स्टुडिओत सुतारकाम केलं, राजवाडे उभे केले, तुरुंग उभे केले. पण कॅमेरा त्यांच्याकडे तोंड करून उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. अशा दिवशी ते गबाळ्यासारखे बसणार नव्हते.

लेक दाराशी धुसफुसत होती. हा तरुण इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचा. माणूस चंद्रावर गेलाच नाही, सगळं स्टुडिओत चित्रित केलं, हे त्याचं लाडकं खूळ. त्या चांद्रमोहिमेच्याच सुमारास बाबांनी स्टुडिओत चंद्र बांधला होता, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. तो एका साध्या सिनेमासाठी होता आणि तो सिनेमा अर्ध्यात बंद पडला, असं लेकीने फोनवरच सांगितलं होतं. तरी स्वारी हजर. उद्या अख्खी गल्ली बाबांना वेड्यात काढील, अशी तिला धास्ती होती. पण आई गेल्यापासून बाबांना इतकं खुशीत तिने पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याला हाकलूनही देववेना.

बाबा तर रंगातच आले होते. खाली फळ्या, त्यावर तरटं, मग प्लास्टर, आणि सगळ्यात वर भट्टीतली राख, चाळून चाळून मैद्यासारखी केलेली. मागे काळा पडदा. खड्डे पाडायला घरातलं मोठं पातेलं नेलं होतं आणि त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली होती, तेही त्यांनी सांगून टाकलं. तरुण मान डोलवत होता. मग त्याने हळूच विचारलं,

"म्हणजे आजोबा, तुमच्या त्या चंद्रावर माणसं चालली. बरोबर?"

"बाबा, जपून बोला," लेक म्हणाली.

"छे, कुठली माणसं? फळ्या कच्च्या होत्या. मोठं माणूस चढलं असतं तर चंद्राला भोक पडलं असतं. शूटिंगआधी खालून टेकू द्यायचे होते, तोवर सिनेमाच बंद झाला."

"कुणीच नाही गेलं?"

"एक जण गेलं होतं," बाबांनी लेकीकडे बोट केलं. "ही. चार वर्षांची होती. सगळे जेवायला गेले तेव्हा हिला वर सोडलं."

तरुणाचा चेहरा पडला. याचा काही उपयोग नाही, असं पुटपुटत तो वायरी गुंडाळू लागला. लेकीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

पायाखाली मऊ करडी जमीन, वर काळंकुट्ट आकाश, आणि चालताना पावलांचा आवाज नाही. एवढंच तिला आठवायचं. शाळेत सांगितलं तेव्हा वर्ग हसला होता आणि बाईंनी तिला खाली बसवलं होतं. आई म्हणाली होती, तापात स्वप्न पडलं असेल. एकदा नाही, विचारलं तेव्हा दर वेळी. पुढे तिने विचारणं सोडलं. पण इतकी सुंदर जागा तिने पुन्हा कधी पाहिली नाही, आणि ती खरी नव्हती याचं तिला वय साठीला टेकलं तरी वाईट वाटायचं.

"आई तर स्वप्न म्हणायची," ती म्हणाली.

बाबा ओशाळले. सेटवर पोरं न्यायला सक्त मनाई होती. मालकाच्या कानावर गेलं असतं तर कामावरून काढलं असतं, आणि ही तर गल्लीभर सांगत सुटली होती. मग नवराबायकोने मिळून ठरवलं, स्वप्न होतं असंच सांगायचं.

"मोठी झालीस की सांगू म्हणत होतो, ते राहूनच गेलं. तुझे पाय तिने बादलीत बुडवून घासले होते. तरी नखांत राख राहिलीच."

तिला आईचा राग आला, आणि भांडायला आई नाही म्हणून रडूही आलं. पण त्याहून जास्त तिला आनंद झाला होता. ती बाबांच्या शेजारी बसली.

"म्हणजे मी खरंच गेले होते."

"गेली होतीस," बाबा म्हणाले. "खाली यायलाच तयार नव्हतीस."