विहारात सांगितलेली युरेनियमची गोष्ट

संपतरावांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. बेबीनंदाबाईंनी कणीक मळता मळता एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मे महिना होता. सीमेवर तोफा आणि ड्रोन सुरू झाले होते आणि त्यांचा एकुलता मुलगा संघपाल फौजेत होता, जम्मूकडे कुठंतरी. नक्की कुठं, ते तो कधीच सांगत नसे. त्याचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर कुणाकडे किती अणुबॉम्ब आहेत आणि ते कुठवर जातात, यावर चार माणसं एकाच वेळी ओरडत होती.

"बंद करा ना आता," त्या शेवटी म्हणाल्या.

"त्याच्या भागातलं काही दाखवलं तर?"

"त्याच्या भागातलं दाखवून न्हाई राह्यले ते. नुसते भेव दाखवून राह्यले."

संपतराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर रस्त्यावर नजर ठेवायची सवय होती, आता ती टीव्हीवर खिळली होती. ते उठले नाहीत.

बेबीनंदाबाई वाटूरजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. शाळेला सुट्टी लागली होती, पण आराम कसला? सकाळी टँकरच्या पाण्याला उभं राहायचं आणि दुपारी कुलरसमोर आडवं होऊन फोनकडे बघत राहायचं. झोप लागायची आणि लगेच मोडायची. वैशाखाचं ऊन भिंतींतून आत येत होतं.

त्यातच पप्पू आला. पप्पूचं फाट्यावर मोबाईलचं दुकान, आणि विहाराच्या समितीत सगळ्यात जास्त धावपळ त्याचीच.

"जय भीम, ताई. पौर्णिमेला भाषण तुमचं. बिलकुल न्हाई म्हणायचं न्हाई."

"कशावर बोलू?"

"अणुबॉम्बवर! लोकाला सध्या तेच ऐकायचंय. अन् आपल्या देशानं पहिला स्फोट केला तो म्हणे बुद्धपौर्णिमेलाच. बुद्धाचंच नाव दिल्तं त्याला. जरा जोशात सांगा."

नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण द्यायचंही त्राण नव्हतं. त्या "बरं" म्हणाल्या.

पौर्णिमेच्या आधी शस्त्रसंधी झाली. गल्लीत कुणी फटाके वाजवले, कुणी शिव्या दिल्या की इतक्यात थांबायला नको होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मम्मी, मी बराबर आहे," संघपाल म्हणाला. आवाज खोल गेला होता. "पप्पांना सांग."

"जेवला का रे?"

"जेवलो. आता झोपायचंय. ठेवू?"

"ठेव बाबा. झोप."

फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. संपतराव भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं रडले. बेबीनंदाबाई मात्र स्वयंपाकघरातल्या फरशीवरच आडव्या झाल्या.

पौर्णिमेला संध्याकाळी विहार भरला. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, मेणबत्त्या, बाहेर खिरीचं मोठं पातेलं. वंदना झाली. पप्पूनं माईकवर ओळख करून दिली: आपल्या ताई, फौजीची आई, आज अणुबॉम्बची ताकद सांगणार! टाळ्या झाल्या.

बेबीनंदाबाईंनी माईक खाली घेतला. ताकद त्यांना सांगवेना. दरवर्षी दहावीच्या पोरांना पुस्तकाबाहेरचं म्हणून जे सांगायच्या, तेच त्यांनी सुरू केलं.

"युरेनियम म्हणजे एक जड धातू. आधी त्याचा उपयोग काय, तर काचेला पिवळा-हिरवा रंग द्यायचा. पॅरिसमधल्या एका माणसानं फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळली, वर त्याचे खडे ठेवले आणि सगळं खणात टाकलं. ऊन पडलं की प्रयोग करू म्हणून. ऊन पडलंच न्हाई. तरी काच धुतली तर तिच्यावर खड्यांचा छाप. अंधारातच त्यातून काहीतरी निघत होतं.

"मंग एका बाईनं पत्र्याच्या छपरीसारख्या जागेत त्या खनिजाची पोतीच्या पोती उकळली. लोखंडी दांड्यानं ढवळायची, दिवसभर. त्यातून दोन नवी मूलद्रव्यं काढली. तिचा देश तेव्हा दुसऱ्यांनी वाटून घेतला होता. एका मूलद्रव्याला तिनं त्या देशाचं नाव दिलं."

खीर ढवळणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पुढं कळलं की अणूच्या पोटात बारीक केंद्र असतं. त्याच्यावर आणखी बारीक कण मारता येतो, हेही कळलं. बर्लिनमध्ये तसा कण युरेनियमवर मारला. वाटलं, आणखी जड काहीतरी तयार होईल. निघालं बेरियम. पोटाचा एक्सरे काढताना पांढरं औषध पाजतात न्हाई का, त्यातलं बेरियम. युरेनियमच्या जवळपास अर्ध्या वजनाचं. प्रयोग करणाऱ्याला त्याचा अर्थ लागेना. त्याची जुनी सहकारी होती एक बाई. ती यहुदी घरात जन्मली म्हणून तिला तो देश सोडून पळावं लागलं होतं."

"जन्मावरून?" समोर बसलेल्या गिरिजाबाईंनी विचारलं.

"जन्मावरूनच, काकू. त्यानं तिला पत्र लिहिलं. ती परदेशात भाच्याबरोबर बर्फातून चालत होती. दोघं एका ओंडक्यावर बसले आणि तिथंच हिशेब केला. अणू फुटला होता. आणि फुटताना त्यातून लई मोठी शक्ती निघत होती. पुढं तिला बॉम्बच्या कामाला बोलावलं, तर ती न्हाई म्हणाली. पण तिच्यावाचून काही अडलं न्हाई. सात वर्षांच्या आत जपानमधली दोन शहरं गेली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पप्पू मागून म्हणाला, "मंग ताई, चूक कोणाची म्हणायची?"

"दरवर्षी शिकवताना मी तेच हुडकते रे. इथं ह्यानं थांबायला पाहिजे होतं, असं बोट ठेवायला जाते, तर तो बिचारा हातातल्या वस्तूत काय आहे एवढंच बघत असतो. ज्यांनी शहरं निवडली त्यांना मात्र आपण काय करतोय ते माहीत होतं. अन् आपल्या देशाच्या पहिल्या स्फोटाला बुद्धाचं नाव दिलं, ते मला आवडत न्हाई. एवढंच."

मागून कुणीतरी पुटपुटलं. दोन पोरं उठून बाहेर गेली. गिरिजाबाई मात्र पुढं सरकल्या. त्यांच्या गळ्यावरची कातडी एका बाजूला काळवंडलेली होती.

"बेबी, मला कॅन्सरला शेक दिल्ता, संभाजीनगरला. तो यातलाच का?"

"यातलाच, काकू."

"म्हंजी त्या बाईनं ते उकळलं म्हणून मी आज इथं बसलेय?"

"तिच्यामुळं, अन् तिच्यामागून आलेल्या बऱ्याच जणांमुळं."

गिरिजाबाईंनी गळ्याला हात लावला. "मंग कोणाला शिव्या द्याव्यात, समजंना बाई," त्या म्हणाल्या.

खीर वाटताना पप्पू जवळ आला. "चांगलं बोललात, ताई. पण पोरं नाराज झाली. जरा जोश पाहिजे होता."

"जोश न्हाई राह्यला रे पप्पू." त्यांनी त्याच्या हातातला द्रोण घेतला आणि तिथंच पायरीवर बसून खीर खाल्ली.

जूनमध्ये संघपाल रजेवर आला. आल्यापासून झोपूनच होता. शेजारपाजारचे यायचे, त्यांना ड्रोनच्या गोष्टी हव्या असायच्या. बेबीनंदाबाई दारातूनच सांगायच्या, झोपलाय, नंतर या. तिसऱ्या दिवशी तो उठला, अंघोळ करून जेवायला बसला. संपतरावांनी त्याला भाषणाचं सांगितलं, पोरं कशी उठून गेली तेही.

संघपालनं भाकरी मोडली. "तिकडं आम्ही त्या बॉम्बचं नावच काढत नव्हतो," तो म्हणाला. "कोणीच न्हाई."

"भेव वाटत होतं का?" संपतरावांनी विचारलं.

त्यानं तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाला, "दमलो होतो, पप्पा."

बेबीनंदाबाईंनी त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. त्या उठल्या आणि बाहेरच्या दाराची कडी लावून आल्या.