उरलेले चार बोटे अस्तर

मित्रांनो, मी एक जुने अस्तर आहे. मोटारीच्या टपाला आतून जे कापड लावलेले असते, त्याला अस्तर म्हणतात. मोटारीत बसल्यावर तुम्ही खिडकीबाहेर पाहता, पुढच्या रस्त्याकडे पाहता. मान वर करून छताकडे कोणी पाहत नाही. त्यात तुमचा दोष नाही. जोपर्यंत आम्ही जागेवर असतो, तोपर्यंत आमच्याकडे पाहावे असे काही नसतेच. माझी गोष्ट मी जागेवरून सुटू लागले तेव्हापासून खरी सुरू होते. तरी आधीचे थोडे सांगते.

माझी मोटार म्हणजे पांढरी अँबेसिडर. ती आणि मी एकाच वर्षी, १९७८ साली, बंगालमधल्या एका कारखान्यात एकत्र आलो. मी फिकट करड्या रंगाचे सुती कापड होते. माझ्या पाठीवर ओळीने नेफे शिवलेले होते. परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी तशी प्रत्येक नेफ्यातून एक वाकवलेली सळी ओवली, सळ्यांची टोके टपाच्या कडांना अडकवली, माझे काठ चारी बाजूंनी सोल्युशनने चिकटवले आणि मी ताठ झाले. प्रत्येक सळीचा बाक निराळा असतो. एकीची जागा दुसरीला चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिली काही वर्षे मोटार रेडीच्या खाणीवरच्या एका साहेबांकडे होती. त्यांची बदली झाली तेव्हा आरोंद्याच्या इनास मास्तरांनी ती विकत घेतली. मास्तर हायस्कुलात गणित शिकवीत. ते उंच होते. त्यांचे डोके मला टेकत असे आणि खोबरेल तेलाचा एक गोल डाग चालकाच्या जागेवर वर्षानुवर्षे गडद होत गेला. त्या डागाची मला कधी लाज वाटली नाही. दहावीच्या मुलांना परीक्षेच्या केंद्रावर नेताना मास्तर प्रमेये म्हणून घेत, तेव्हा तो डाग माझ्यावर पुढेमागे घासला जाई. गावातल्या कितीतरी बाळंतिणी या मोटारीतून दवाखान्यात गेल्या. साप चावलेला एक पोरगा गेला आणि चार दिवसांनी हसत परत आला. पाहुणे आत बसले की म्हणत, काय टापटीप गाडी ठेवली आहे मास्तरांनी. त्या टापटिपीत माझाही वाटा होता, असे मी मनाशी म्हणे.

मास्तरांच्या पत्नी अँजेलिनाबाय मागे डाव्या बाजूला बसत. त्यांचा मुलगा प्रिन्स पाच वर्षांचा असताना त्याने छत्रीचे टोक वर केले आणि मागच्या काचेजवळ मला एक चीर पाडली. तो ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. चर्चमधून येताना बायच्या हातात माडाच्या कोवळ्या पातीचा विणलेला क्रूस होता. मुलाला ओरडण्याऐवजी त्यांनी तो क्रूस त्या चिरेत सरकवला आणि म्हणाल्या, घराला एक असतो, गाडीलाही एक असू दे. चीर शिवायची राहून गेली. दरवर्षी त्या रविवारी एक क्रूस माझ्या पोटात जाऊ लागला. घरातला क्रूस रिवाजाप्रमाणे वर्षाने चर्चला परत जाई आणि उपासाच्या आरंभीच्या राखेच्या बुधवारसाठी जाळला जाई. मोटारीतले मात्र माझ्याकडेच साठत राहिले. बायला चीर शोधावी लागत नसे. त्यांचे बोट न पाहता वर येई आणि बरोबर तिथे थांबे.

मग मास्तर निवृत्त झाले. प्रिन्स बोटीवर नोकरीला लागला. मोटार आठवड्यातून एकदाच, रविवारी, बाहेर पडू लागली. आरोंद्याच्या खाडीचा वारा खारट आहे; तो लोखंडाला सोडत नाही. माझ्या सळ्या गंजल्या आणि त्यांचे तांबूस पट्टे माझ्यावर उमटले. काठांचे सोल्युशन सुटले. एके वर्षी उंदरांनी एक कोपरा कुरतडला. मी खाली येऊ लागले. मास्तरांनी टाचण्या लावल्या, बायने सेफ्टी पिना लावल्या. तरीही मी माणसांच्या केसांना लागे, मागची काच झाकून टाके. मित्रांनो, ज्यांना आपण वर्षानुवर्षे सावली दिली त्यांच्याच डोक्यावर ओझे होऊन लोंबणे, याहून वाईट काही नसते.

याच सुमारास बायच्या कमरेचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या चालू लागल्या; पण पाय फार वाकवता येईना. एस.टी.ची पायरी चढवेना, रिक्षात वाकून शिरता येईना. शेजाऱ्यांच्या नव्या मोटारीत बसून पाहिले. तिची सीट इतकी खाली होती की उतरताना दोघींनी धरून उचलावे लागले, तेही चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर. पुन्हा बाय त्या मोटारीत बसल्या नाहीत. आमचे दार मात्र रुंद आणि सीट खुर्चीइतकी उंच. आधी बसायचे, मग पाय आत घ्यायचे. एवढे त्यांना जमत होते. फादर म्हणाले की प्रसाद घरी आणून देत जाईन. त्यावर बाय म्हणाल्या, "घराक देव येता, फादर. पण माणसां खंय येतत?"

यंदाच्या मार्चमध्ये मोटारीच्या पासिंगची मुदत संपत आली. तपासणीसाठी नेली तेव्हा आर.टी.ओ.च्या साहेबांनी इंजिन पाहिले, ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. सगळे ठीक होते. मग ते चालकाच्या जागेवर बसले, आरशात पाहिले आणि त्यांना फक्त मी दिसले.

"मास्तर, या कापडामुळे मागचं काहीच दिसत नाही," ते सौम्यपणे म्हणाले. "पुढच्या शुक्रवारपर्यंत नीट करून आणा. शनिवारनंतर ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही."

त्या शनिवारनंतरचा रविवार झावळ्यांचा होता. प्रिन्सने फोनवर सांगितले की पप्पा, आता पुरे, गाडी भंगारात द्या. मास्तरांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोटार शिरोड्याला नुरुद्दीनच्या दुकानात नेली.

नुरुद्दीन मोटारींच्या आणि रिक्षांच्या गाद्या, हूड, अस्तरे शिवतो. त्याची बायको सुगरा शिलाईला त्याच्या बरोबरीने बसते. त्याने दोन बोटांनी माझा काठ उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "मास्तर, ह्या आता टाचण्यांनी रवाचा नाय. सगळा काढूक व्हया." कोल्हापूरहून नवे कापड मागवायला चार दिवस लागतील आणि गुरुवारी गाडी तयार होईल, असे त्याने सांगितले.

मंगळवारी कापड आले. नुरुद्दीनने पुढची-मागची काच काढली, टाचण्या उपसल्या, सळ्या एकेक करून ओढल्या आणि खडूने त्यांच्यावर आकडे घातले, म्हणजे प्रत्येक सळी आपल्या जागी परत जाईल. मी खाली आले. चाळीसहून अधिक वर्षांनी प्रथमच टपाचा पत्रा माझ्या पाठीला नव्हता. त्याच वेळी माझ्या पोटातून क्रूस गळून पडले. काही अखंड होते, काहींचा नुसता भुगा उरला होता.

नुरुद्दीनची कामाची एक रीत आहे. तो टेप वापरत नाही. जुने अस्तर उसवायचे, नव्यावर पसरायचे, खडू फिरवायचा आणि कापायचे. त्याच्या वडिलांनीही असेच केले. जुने कापड हेच माप, असे तो म्हणतो. ही रीत चांगली आहे. त्या दिवशी तो सोल्युशनचा डबा आणायला वेंगुर्ल्याला गेला आणि मला ओट्यावर ठेवून गेला.

सुगराने आधी क्रूस वेचले. स्वच्छ पांढऱ्या रुमालात बांधून ते उंच फळीवर ठेवले. मग तिने माझ्याकडे पाहिले. माझ्यावर उंदरांची घाण होती, गंज होता, बुरशी होती. ज्या कापडाने कोणाची तरी पवित्र वस्तू इतकी वर्षे पोटाशी धरली, ते असे मळके पडू देणे तिला बरे वाटले नाही. तिने विहिरीचे पाणी काढले, मला साबण लावला, तीन वेळा खळबळले आणि उन्हात वाळत घातले. चाळीसहून अधिक वर्षांच्या आयुष्यात मला कोणी धुतले नव्हते. मला फार सुख वाटले. आणि त्या सुखातच मी आटले.

नुरुद्दीन आला तेव्हा मी वाळून, घडी होऊन जागेवर होते. गडबडीत त्याला फरक कळला नाही. गंजाचे डाग पुसट झाले, एवढेच त्याने पाहिले. बुधवारी त्याने माझ्यावरून नवे कापड कापले. गुरुवारी दुपारी मोटार उन्हात उभी केली, कारण उन्हात कापड सैल होते आणि नीट ताणता येते. पुढचा काठ बसला, सळ्या बसल्या, बाजू बसल्या. मागच्या काचेपाशी मात्र कापड संपले. तीन बोटे कमी पडत होते.

तो बराच वेळ काठ धरून उभा राहिला. मग त्याने ओट्याकडे न पाहता विचारले, "सुगरा, जुना कापड तू धुतलंस काय गो?"

"धुतलंय. कित्याक?"

"आटला ता."

सुगरा उठून आली. तिने काठ पाहिला, काचेची जागा पाहिली आणि खाली बसली. कोल्हापूरहून पुन्हा कापड यायला चार दिवस लागणार होते. हाती उरली होती एक रात्र.

एक वाट होती. नवे कापड जोर लावून ओढायचे, सोल्युशन जास्त लावायचे. शुक्रवारी गाडी पास झाली असती. कोणाला कळले नसते. नुरुद्दीनने एकदा तसे ओढूनही पाहिले. टाके कुरकुरले. त्याने हात सोडला, मला पिशवीत घातले, सुगराने रुमाल घेतला आणि दोघे स्कूटरवरून आरोंद्याला गेले.

मास्तर पडवीत होते. नुरुद्दीनने खाली न बसता सगळे सांगितले. "ओढून लावला असता तर उद्या गाडी पास झाली असती, मास्तर. पण पावसाळ्यात ता परत तुमच्या डोक्यार इला असता."

"चाळीस वर्सां पोरांका सांगलंय," मास्तर म्हणाले, "आदी मोजा, मगे कापा."

"मी तुमच्या शाळेत खंय होतंय, मास्तर," नुरुद्दीन पडलेल्या आवाजात म्हणाला.

तेव्हा सुगराने बायच्या मांडीवर रुमाल सोडला. "चूक माझी, बाय. तुमच्या देवाची वस्तू होती तेच्यात. मळक्या कापडात कशी ठेवू? म्हणान धुतलंय."

बायने क्रूस बोटाने हलवले. वरचा नवा होता, खालचे इतके जुने की त्यांचा रंग काथ्यासारखा झाला होता. मग त्या हसल्या. "माझ्या घोवान इतक्या वर्सांत गाडी एकदाव आतसून धुवूक नाय," त्या म्हणाल्या. "तू धुतलंस, तर मी तुका बोल लावू?"

त्यांनी मला पिशवीतून काढले आणि मांडीवर पसरले. माझ्यावरून हात फिरवत त्या चिरेपाशी आल्या.

"नुरुद्दीन, कमी पडता तेवढो तुकडो ह्याच्यातलो जोड. ही चीर आसा तो."

मास्तरांनी शंका काढली की नव्याला जुने जोडलेले साहेबांना दिसेल. बाय म्हणाल्या, "साहेब काच बघतलो. कापड नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे सुगराने माझी चार बोटे रुंदीची पट्टी कापली. तीन बोटे उणीव भरायला, एक शिलाईला. चिरेच्या कडा तिने बारीक टाक्यांनी पक्क्या केल्या, पण चीर बंद केली नाही. या वेळी नुरुद्दीनने आधी शेजारच्या शिंप्याकडून टेप आणला आणि दोनदा मोजले. दहा वाजता मागची काच बसली.

साहेब पुन्हा चालकाच्या जागेवर बसले. आरशात पाहिले. रस्ता शेवटच्या माडापर्यंत दिसत होता. मग त्यांनी मान वळवली आणि विचारले, "ही मागची पट्टी वेगळी कशी?"

"जुन्यातली आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "नवं कापड कमी पडलं."

साहेबांनी हात लांब करून पट्टी ओढून पाहिली. ती हलली नाही. त्यांनी सही केली.

मित्रांनो, माझा मोठा भाग आता शिरोड्याला सुगराच्या शिलाई मशीनवर झाकण म्हणून आहे. तेलाचा गोल डाग अजून त्यावर दिसतो. जुने क्रूस बायने फादरांकडे दिले. पुढच्या राखेच्या बुधवारी त्यांची राख लोकांच्या कपाळाला लागेल. मोटारीत मी फक्त चार बोटे उरले आहे.

तुमच्या घरातही माझ्यासारखे काही लोंबत असेल, गळत असेल, कुरकुरत असेल. ते फेकण्याआधी एकदा हातात घ्या आणि त्याच्यावाचून कोणाचे अडेल ते विचारा. नीट करायला घेतलेत तर आधी मोजा. आणि मोजण्यात चूक झालीच, तर ओढून झाकू नका, जाऊन सांगा.

झावळ्यांच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर अँजेलिनाबाय मागच्या सीटवर आधी बसल्या, मग त्यांनी पाय आत घेतले. चर्चच्या दारातून चार बायका त्यांच्याशी बोलत मोटारीपर्यंत आल्या होत्या आणि खिडकीत वाकून अजून बोलतच होत्या. बाय त्यांच्याकडे पाहून उत्तरे देत होत्या. त्यांच्या एका हातात ओल्या पातीचा नवा क्रूस होता. दुसऱ्या हाताचे बोट, न पाहता, वर आले.

मी तिथेच होते.