दाराबाहेरची दुरुस्ती

त्रेसष्ट साल. मी वरवट बकालच्या शाळेत नववीत होते. नारायणराव सर इतिहासाच्या तासाला म्हणाले, "देशाची घटना पाठ करून कळत नाही. आपल्या वर्गाची एक करा."

चार दिवस नुसती भांडणं. पाचवं कलम आमच्या मॉनिटरनं, शकूरनं मांडलं: 'उशिरा येणारा तासभर दाराबाहेर उभा राहील, मग तो कोणीही असो.' टाळ्या पडल्या. त्या भरात मीही हात वर केला! सगळ्यांनी सह्या केल्या, शेवटची सरांची. कागद खळीनं भिंतीवर डकवला.

पुढचे तीन दिवस मीच बाहेर उभी. सकाळी विहिरीवरून पाण्याच्या तीन खेपा माझ्याकडे होत्या. बाबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "अन्नपूर्णा, आज पुन्हा बाहेर उभी राह्यली तर शाळा बंद. उभंच राहाचं तं घरी राहा."

त्या दिवशी तिसरी खेप रांजणात ओतून धावले, तरी घंटा झालीच. पाहते तो दाराबाहेर सर! बगलेत छत्री, धोतर धुळीनं भरलेलं.

"सर, तुम्ही काऊन बाहेर?"

"जळगाव जामोदची बस पंक्चर झाली. शकूरनं कागद दाखवला."

"मंग अंदर कोण शिकवून राह्यलं?"

"शकूरच."

शेजारच्या पिठाच्या गिरणीची फटफट चालू होती. आतलं अक्षरही ऐकू येईना. सर कानाला हात लावून म्हणाले, "पोरी, तीन दिवस तू हे ऐकलंस?" मग आत ओरडले, "शकूर, बाहेरून दुरुस्ती मांडता येते का?"

"मांडा, सर. पण बाहेरच्याले मत नाई!"

"अन्नपूर्णा, मांड."

"शिक्षा देण्याआधी कारण विचारा," मी ओरडले. "कारण खरं असलं तर आत घ्या."

"तुयं कारण काय वो?" शकूरनं आतून विचारलं.

"तीन खेपा पानी! तू आणून पाह्य एक!"

आत हशा पिकला. "आन् सरचं?" पहिल्या बाकावरच्या बिलकिसनं विचारलं.

"पंक्चर," सर गरिबासारखे म्हणाले.

घटना बदलायला वर्गातल्या तिसांपैकी वीस हात हवे होते. शकूरनं मोजले. एकोणीस. त्यानं पुन्हा मोजले. एकोणीसच.

"अबे, तुयाच हात खाली हाय!" बिलकिस ओरडली.

"मी मोजून राह्यलो ना!" शकूर म्हणाला आणि लाजून त्यानं हात वर केला.

सर दारातून बाजूला झाले. "आधी तू. दुरुस्ती तुझी आहे."

संध्याकाळी बाबांनी विचारलंच, "आज उभी होती?"

"हाव. सरसोबत."

सगळं ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मास्तरलेही उभं करते? मंग ही शाळा सोडू नको, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी उठले तर एक घागर जागेवर नव्हती. बाबा ती खांद्यावर घेऊन विहिरीकडून येत होते, आणि वाटेत भेटेल त्याला आमचं पाचवं कलम सांगत होते.