दोन शब्दांची पाटी

उल्हास पंधरा वर्षं पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर लिहीत होता. सिंगापूरच्या एका अभ्याससंस्थेत त्याला नोकरी मिळाली, तीही त्याच जोरावर. अरबी कागद वाचायला मदत होईल म्हणून त्यानेच बायकोला, चैत्रालीला, अरबी शिकायला लावलं होतं. ती शिकली, आणि अशी शिकली की संस्थेने तिला दुभाषी म्हणून घेतलं. २०१३च्या उन्हाळ्यात पॅलेस्टिनी आणि इस्रायली पाहुण्यांची बंद दाराआडची बैठक ठरली, तेव्हा संचालकांनी सगळी व्यवस्था तिच्याकडे सोपवली. उल्हासला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली.

आदल्या संध्याकाळी पॅलेस्टाईनचे निवृत्त राजदूत नबीलसाहेब आले. लॉबीत ते चैत्रालीशी अरबीत बोलत होते, मोठ्याने हसत होते. तीही हसत होती. उल्हासने आपली ओळख करून दिली. ते म्हणाले, "अच्छा, तुम्ही चैत्रालीचे यजमान!" त्याचे लेख त्यांनी पाहिलेही नव्हते.

सकाळी चैत्राली घाईत म्हणाली, "अरे, टेबलावरच्या पाट्यांवर एकदा नजर टाकतोस का? माझं डोकं चालत नाहीये."

त्याने पाहिलं. नबीलसाहेबांच्या पाटीवर नावाखाली लिहिलं होतं, 'पॅलेस्टाईन राज्य'. संयुक्त राष्ट्रसंघात आदल्या वर्षी पॅलेस्टाईनला राज्य म्हणण्यावर मतदान झाल्यापासून हेच दोन शब्द भांडणाचं मूळ झाले होते. सिंगापूर तर त्या मतदानात तटस्थ राहिलं होतं. इस्रायली पाहुणा या पाटीसमोर बसणार नाही, हे उल्हासला लख्ख दिसत होतं.

"ठीक आहेत," तो म्हणाला.

इस्रायलचे माजी मुत्सद्दी योराम आले, पाटी वाचली आणि खुर्चीमागे उभेच राहिले. "असं राज्य माझ्या सरकारने मान्य केलेलं नाही," ते म्हणाले. चैत्रालीने ते अरबीत सांगितलं. नबीलसाहेब उठले. "पाटी हलली तर मीही जातो."

चैत्रालीचा चेहरा पांढराफटक पडला. उल्हासला आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. संचालक वळून म्हणाले, "उल्हास, आता काय?"

उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. "सगळ्यांच्याच पाट्यांवरचे देश काढू. फक्त नावं ठेवू."

योराम बसले. नबीलसाहेब चैत्रालीकडे पाहून अरबीत काहीतरी बोलले. तिने भाषांतर केलं. "ते म्हणतायत, नुसत्या नावाने मी आयुष्यभर विमानतळांवर उभा राहिलोय. आज पहिल्यांदाच त्याखाली काही लिहिलेलं दिसलं." त्यांनी स्वतःच पाटी उचलली, कोटाच्या खिशात घातली आणि ते बसले.

जेवणाच्या सुट्टीत संचालकांनी उल्हासचा खांदा थोपटला. "उद्यापासून तुम्ही पुढच्या रांगेत बसा."

पाया लेबार भागातल्या आपल्या फ्लॅटवर परतताना मेट्रोत चैत्राली म्हणाली, "तुला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"एकदा तरी माझ्यावाचून अडावं असं वाटलं."

"माझा राग होता, तर घरी भांडायचंस," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला कशाला उठवलंस खुर्चीवरून?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. संस्थेने एक मलय बाई दुभाषी म्हणून आणली. उल्हास पहिल्या रांगेत, संचालकांच्या शेजारी बसला. दार उघडून नबीलसाहेब आत आले, उल्हासशी हात मिळवला आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहत मोडक्या इंग्रजीत विचारलं, "चैत्राली कुठे आहेत?"

"तिची तब्येत बरी नाही," उल्हास म्हणाला. नबीलसाहेबांचा चेहरा उतरला. तो तसा उतरलेला पाहून उल्हासला पुन्हा तिचा हेवा वाटला.