खंडेनवमीचं इंजिन

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या वाळूजच्या कॉलनीत समद्यांना ठावं हाय. नळाचं पाणी सुटलं आणि कुणी मधीच पाइप घुसवला, की गल्लीच्या टोकापातूर माझा आवाज जातो. म्हणून त्या दिवशी ह्यांनी माझ्यावर ओरडायला पायजे होतं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर आमच्यात उखाणा लागतो, पण इथं कुठं जुळवत बसू. सांडू त्यांचं नाव. मी साळूबाई. गाव देवगाव रंगारी, पण जन्म गेला वाळूजला. हे एका मोठ्या कारखान्यात इंजिनाच्या लाइनीवर होते. गावाकडं लोक म्हणायचे, सांडूतात्या इंजिन बनवतो. कुठलं काय! एकोणतीस वर्षं ह्यांनी चार बोल्ट आवळले. पट्ट्यावरून इंजिन यायचं, चार बोल्ट आवळायचे, ते पुढं गेलं की दुसरं हजर. चालू करून बघायचं काम दुसऱ्या शेडात. रिटायर झाल्यावर एकदा चहा पिता पिता म्हणले, लाखांनी इंजिनं हाताखालून गेली असतील, पण एकाचाबी पहिला आवाज मी ऐकला नाय. असं बोलले आणि कप ठेवला, तर बशी वाजायला लागली. हात थांबेना.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी आळा बसंल, पण हात पहिल्यासारखा व्हायचा नाय, बारीक काम काय करायचं असंल तर ह्या वर्षात करून घ्या म्हणले. हे दुसऱ्या दिवशी गावी गेले आणि आमच्या भावकीतल्या अप्पारावांच्या गोठ्यात बापजाद्याच्या काळापासून पडलेली जुनी मॉरिस मोटार ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. मागच्या सीटवर कोंबडीची अंडी होती. मी डोक्याला हात लावला. हे म्हणले, एक इंजिन, सुरुवातीपासून शेवटापातूर, माझ्या हातानं. मग वाट्टेल ते होऊ दे.

तीन लाकडी बल्ल्या आणि साखळी लावून, शेजारच्या गोकुळला हाताशी घेऊन इंजिन गाडीतून वर काढलं आणि पोर्चमधी ठेवलं. हत्यारं म्हणाल तर पान्यांचा एक संच, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि माझी जुनी परात. पोर्चला उन्हाची हिरवी जाळी लावलेली होती. तिच्यातून उजेड असा पडायचा, की आम्ही दोघं विहिरीच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. परातीत डिझेल, डिझेलात नटबोल्ट, वर हिरवं ऊन तरंगतंय. हे एकेक भाग पुसून बाजेवर पेपर टाकून मांडायचे. मला व्हॉल्व्ह घासायला दिले. लाकडी दांडा दोन तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखा फिरवायचा. खर्र खर्र आवाज चालायचा आणि डोळा लागायचा. झोपेतबी हात फिरत राहायचे. तीनची शिफ्टची बस हॉर्न देऊन गेली की दोघंही दचकून जागे व्हायचो आणि एकमेकांकडं बघून हसायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुपार म्हणून आम्हाला कधी मिळालीच नव्हती. मला ते दिवस संपू नये असं वाटायचं, खरं सांगते.

आता माझी करणी ऐका. खंडेनवमीला हे देवगावला देवीच्या नैवेद्याला गेले होते. घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा असती. दरसाली पाना आणि विळी एवढंच असायचं, औंदा म्हणलं साक्षात इंजिन हाय घरात, काळ्याकुट्ट तेलात कशाला ठेवायचं. सकाळीच बाजेवरचं समदं काढलं. गरम पाणी, भांड्याची पावडर, घासून घासून चकचकीत केलं. कडक उन्हात वाळवून वरून तेलाचा हात फिरवला. पिस्टनच्या दांड्याला खालून अर्धगोल टोपी बसती, दोन बोल्टांची. असे चार दांडे, चार टोप्या. दांडे मी मधी फुलासारखे मांडले, टोप्या भोवती गोल, त्यात झेंडू. एकेकाला हळदकुंकू लावलं. इतकं सुंदर दिसत होतं, की मीच हात जोडून किती तरी वेळ बसले.

हे दुपारी आले. चप्पल काढता काढता थांबले. बघत राहिले. मग वाकून पूजेला नमस्कार केला आणि पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं कौतुक करतील. हे रिकाम्या बाजेकडं बघायला लागले. माझा पारा चढला. म्हणलं काय झालं ते बोला की.

मग त्यांनी हळूच सांगितलं. प्रत्येक टोपी तिच्याच दांड्याची असती. कारखान्यात दोन्ही एकत्र आवळून मग मधलं भोक पाडतात, त्यामुळं एकाची टोपी दुसऱ्याला बसती खरी, पण भोक गोल राहत नाय. इंजिन एक तर फिरत नाय, नायतर फिरता फिरता जळतं. जोड ओळखायला दांड्या-टोप्यांवर जे आकडे असतात, ते जुन्या कुण्या मिस्त्रीनं घासून टाकलेले होते. ह्यांनी बाजेवर ज्या जागी ठेवल्या तीच त्यांची खूण. ती खूण मी पाण्यानं धुऊन टाकली होती.

लगेच लावून बघू म्हणलं, तर तेबी नाय. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापातूर हलवायचं नसतं. रात आणि अर्धा दिवस ते फूल तसंच पोर्चमधी चमकत राहिलं. येता जाता मी त्याच्याकडं बघायची आणि मला वाटायचं त्या टोप्याच मला बघतायत. हे मात्र रोजच्यासारखे जेवले, गोळ्या घेतल्या. जेवताना एकदाच म्हणले, जाऊ दे, तू मायेनं केलं. ते ऐकून मला रडूच फुटलं.

दसऱ्याला दुपारी पूजा उचलून आम्ही जाळीखाली बसलो. ह्यांनी रीत सांगितली. टोपी लावायची, बोल्ट नुसते हातानं चढवायचे, आणि दांडा आणि टोपी जिथं मिळतात त्या सांध्यावरून आतल्या बाजूनं नख फिरवायचं. नख अडलं तर ती त्याची नव्हं. टोपी उलटीबी लागती, म्हणजे दोन्हीकडून बघायचं. त्यांनी पहिली घेतली आणि नख टेकवलं. बोट असं थरथरत होतं, की नख सांध्यावर अडतंय का हातानं उडतंय तेच कळंना. दुसरी घेतली. तिसरी. कपाळावर घाम आला. डावा हात उजव्यावर दाबून धरला, तरी नाय.

मी म्हणलं, आणा इकडं.

त्यांनी दांडा सोडला नाय. खाली बघत म्हणले, "साळू, हे मला माझ्या हातानं करायचं होतं गं. एवढं एकच."

खोटं बोलायची मला सवय नाय, तुमच्या हातानं होईल असं कसं म्हणू. म्हणलं, "हात माझे घ्या. तुमचेच समजा. डोकं तुमचं चालवा."

जाळीतून उन्हाचे ठिपके सरकत सरकत ह्यांच्या गुडघ्यापातूर आले. मग त्यांनी दांडा माझ्या मांडीवर ठेवला.

मी डोळे मिटले. जन्मभर तांदळातले खडे बोटांनी काढलेत, ताटाकडं न बघता. नख फिरवलं की अडायचं, बदलायचं, उलटं करायचं, परत अडायचं. हे शेजारी बसून खडूनं फरशीवर खुणा करत होते. मधीच एका टोपीवर नख असं गेलं, जसं की तिथं सांधाच नव्हता. मी परत फिरवलं. परत तसंच. डोळे उघडले तर हे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी मान हलवली. तिन्हीसांजेपातूर चारही जोड्या लागल्या.

तिथून पुढं पाना माझ्या हातात आणि बोलणं ह्यांचं. थोडं आवळ, आता समोरचा, आता परत हा. मला खवळायला येतं तसं ह्यांना शिकवायला येतं, हे मला ह्या वयात कळलं. हँडल मारून फिरवलं तर आतलं समदं गुळगुळीत फिरलं. दिवाळी झाली, आणि कार्तिकातल्या एका सकाळी गाडी जाळीखाली ढकलून घेऊन इंजिन तिच्यात बसवून झालं. टाकी गंजलेली, म्हणून पेट्रोल सलाइनच्या बाटलीत भरून गोकुळनं ती जाळीच्या पाइपाला टांगून दिली आणि तो ड्यूटीला गेला. पोर्चात आम्ही दोघंच राहिलो.

हे बॉनेटपाशी उभे. मी आत बसले, किल्ली फिरवली, स्टार्टरची मूठ ओढली. नुसती घरघर. परत ओढली. खोकल्यावानी केलं आणि गप्प. ह्यांनी बाटलीच्या नळीवर टिचकी मारली आणि मला मान डोलवली. तिसऱ्यांदा ओढली आणि ते लागलं. धुराचा एक लोट आला, जाळी हलली, आणि मग आवाज सावकाश एकसारखा झाला. मी ॲक्सिलेटरवर पाय तसाच ठेवून बघत होते. ते काहीच करत नव्हते, नुसते ऐकत होते.

मग त्यांनी दोन्ही हात इंजिनाच्या झाकणावर ठेवले. मी हळूच उतरले आणि जवळ गेले. इंजिन थरथरत होतं, हात थरथरत होते, आणि त्यातलं कुठलं कुणाचं हे मला वेगळं काढता येईना. गेल्या वर्षात पहिल्यांदा त्यांचे हात मला आजारी दिसले नायत.

"बंद करू नको," ते म्हणले.

नाय करत, मी म्हणलं. बाटलीत बोटभर पेट्रोल उरलं होतं.