पाकिटातून येणारी कमान

जर्मनीतल्या ग्लासह्यूट या घड्याळांच्या गावात हिवाळ्यात धुकं खिडकीला असं चिकटतं की, दुपारसुद्धा झोपेतली वाटते. तशा उजेडात मी तीस वर्षं घड्याळांच्या यंत्रांवर नक्षी कोरतोय. समोरच्या टेबलाशी गुंडुला बसते. घड्याळाची चाल लावणं तिचं काम.

एके दिवशी आमचे मालक ट्रोगर नवं यंत्र घेऊन आले.

"एरविन, यावर कोर, 'संपूर्ण आमच्या घरचं'. चाकं आपली, पट्ट्या आपल्या, स्क्रूसुद्धा आपले!"

मी कोरणी उचलली, तोच गुंडुला पुटपुटली, "आणि कमान?"

कमान म्हणजे केसाहून बारीक, वेटोळी स्प्रिंग. तिच्याच उघडमिटीवर घड्याळ चालतं. ती मात्र स्वित्झर्लंडहून पाकिटातून यायची.

"बाई, सगळेच बाहेरून मागवतात," मालक म्हणाले.

"मागवू देत की. पण लोकाच्या पोराचं बारसं आपण का करायचं?"

मालक लालबुंद झाले. "मग तुम्हीच करून दाखवा!"

"दाखवते."

मालकांनी तोंडातून गेलेला शब्द पाळला. तार ओढायचं यंत्र आणलं, भट्टी आणली. गुंडुला तार ओढायची, चपटी करायची, गुंडाळून तापवायची. कधी कमान तुटायची, कधी घड्याळ उन्हात ठेवलं की चाल बिघडायची. दोन वर्षं गेली. चालताना तिचं बोट हवेत गोल गोल फिरत राही.

"काल स्वप्नात त्या वेढ्यांवरून चालत होते रे," ती एकदा म्हणाली. "खाली ढग, वर ढग. आत जावं तितकी वाट लांबत होती. पण भीती नाही वाटली."

मग एका सकाळी तिनं माझा हात धरून मला टेबलाशी नेलं. तिची कमान मिटत होती, उलगडत होती. झोपलेल्या बाळाची छाती हलावी तशी. आम्ही किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे.

मालकांनी चाल तपासली. "पाकिटातली याहून बरी चालते."

"हो," गुंडुला म्हणाली. "पण ही आपली आहे."

मालक बराच वेळ यंत्र कानाशी धरून उभे राहिले. मग मला म्हणाले, "कोर."

गुंडुलाच्या हातून वर्षाला चाळीसच कमानी उतरतात. त्या चाळीस यंत्रांवर मी ते शब्द कोरतो. बाकीच्यांवर नुसती फुलांची वेल.